दाव्याचं दप्तर

पिशव्या घेणं ही माझी खोड आहे. कुणाला साड्यांची असते, कुणाला भांड्यांची, मला पिशव्यांची. सांगलीतल्या ज्या दुकानातून मी त्या घेते, तिथला मालक मला पायरीवर बघितल्याबरोबर दुकानातल्या मुलीला पाणी आणायला पाठवतो, कारण बाई आता तासभर हलणार नाही हे त्याला ठाऊक झालंय. मी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घरून घेऊन जाते. त्या पिशवीत घालते, पाठीला लावते आणि दुकानातच दोन-चार उड्या मारून बघते. खांद्याचे पट्टे रुंद हवेत, कमरेला पट्टा हवा, चेन मोठ्या दात्यांची हवी आणि ओल्या कपड्यांना वेगळा कप्पा हवाच हवा. माझी मुलगी सकाळी पळायला जाते, तिथून पोहायला, तिथून शाळेत. ओला टॉवेल आणि गणिताची वही एका कप्प्यात नांदवून मी बघितलंय. ती वही आम्ही गच्चीवर वाळत घातली होती.

नवऱ्याचं मत असं की, घरात माणसं चार आणि पिशव्या चाळीस. यात अतिशयोक्ती आहे, पण किती आहे ते मी सांगणार नाही. रविवार आला की आम्हाला घरात बसवत नाही. कधी सायकली काढतो, कधी एखादा डोंगर गाठतो, आणि सुट्टी जोडून आली की रेल्वेनं रहिमतपूरला उतरून जवळच्या आमच्या गावी, सासरी. जाताना पिशवीत भडंग असतं. येताना काय असेल ते सासूबाई ठरवतात. त्यांना मी आत्या म्हणते. रिकामी पिशवी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. मी मोठी पिशवी नेली की ती शेंगांनी भरते, लहान नेली की गुळानं. एकदा मुद्दाम मोबाईलपुरती छोटी पर्स घेऊन गेले, तर तिच्यात लसूण निघाला.

ही गोष्ट मात्र मुलाच्या पिशवीची. मुलगा अडीच वर्षांचा झाला आणि सुटायला लागला. बाजारात हात सोडवून असा पळायचा, की मी मेथीची जुडी टाकून मागं धावायची. म्हणून मी त्याला एक छोटं दप्तर आणलं. पिवळं, हत्तीच्या तोंडाचं, बाजूला दोन लोंबते कान. छातीवर बकल आणि मागं शिवलेला लांब पट्टा. पट्ट्याचं टोक मोठ्या माणसानं मनगटात अडकवायचं. पोरगं चालतं आपल्या मनानं, पण गर्दीत हरवत नाही. मी तर खूश झाले.

गावी पोचलो आणि सासऱ्यांनी ते बघितलं. त्यांना मी मामा म्हणते. ते फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेत, पण गाव त्यांना मेजरच म्हणतं.

"हे काय? पोराला दावं?"

"मामा, आवं सेफ्टीसाठी असतंय ते. बाजारात पळतोय."

"माणसाचं पोर हाय का खोंड?" असं म्हणून त्यांनी दप्तर उतरवलं आणि गोठ्यात खुंटीवर दाव्यांशेजारी टांगून ठेवलं. निघताना मी ते काढून आणायची, पुढच्या खेपेला ते परत तिथंच जायचं. आमचं हे भांडण कधी मोठ्यानं झालं नाही, खुंटीवरच झालं.

तर यंदाची चैत्रातली यात्रा. गावामागच्या डोंगरावर देव आहे. आमच्या घरात नातवंड पहिल्यांदा देवाला जातं ते मामांच्या खांद्यावर बसून. दिराची दोन्ही मुलं तशीच गेली, माझी मुलगीही. वर पोचलं की गुरव आधी आणणाऱ्याच्या खांद्याला गुलाल लावतो, मग पोराला. मामांना याचं एवढं का, ते मला आत्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुलांना डोंगरावर चुलत्यानं नेलं, कारण तेव्हा हे बर्फात ड्युटीवर होते. "पोरांचं ऱ्हाईलं, म्हणून नातवंडांचं सोडत न्हाईत," असं आत्या म्हणाल्या होत्या.

पण गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, डोंगर चढा, पण ओझं घेऊन नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. नवरा म्हणाला, "तू बोल. तुझं ऐकतात." जे त्याला बोलवत नाही ते सगळं माझं ऐकलं जातं, हा लग्नापासूनचा अनुभव.

मी ठरवलं, बोलायचं नाही, पिशवीनं काम करायचं. डोंगर चढणारे लोक पाठीला लावतात ती पोर बसवायची बॅग मागवली. ॲल्युमिनियमचा सांगाडा, मऊ बैठक, वर ऊन लागू नये म्हणून छत. बेत साधा होता. नवरा ती पाठीला लावून दाखवणार, मामा बघणार, आणि आपोआपच नातू बापाच्या पाठीवर जाणार. कुणी कुणाला काही म्हणायला नको.

यात्रेच्या दोन दिवस आधी अंगणात खोकं उघडलं. मामांनी एकेक पट्टा ओढून बघितला, बकल लावून बघितलं, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"पिट्टू!" ते म्हणाले. फौजेत पाठीवरच्या पिशवीला तेच म्हणतात. "आगं, हे लय बेस काम केलंस पोरी. खांद्यावर पोरगं बसवलं की मान आखडती. ह्यात समदं वजन कमरंवर येतंय."

आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनी ती आपल्या मापाची करून घेतली. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी तुळशीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मला उठवायला आल्या. "बघ गं काय चाललंय. कवाधरनं फिरत्यात." मामांनी बॅगेच्या बैठकीत ज्वारीचं लहानसं पोतं बसवलं होतं, वरून पट्टे आवळले होते, आणि ते अंगणात गोल फिरत होते. ऑपरेशनचा पाय किंचित उशिरा उचलत होता. तेवढं बघितलं आणि माझा ताबा सुटला.

"मामा, उतरवा ते."

"का गं? सराव करतोय."

"डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंय, मी ऐकलंय, ह्यांनी ऐकलंय. कुणी बोलत नाही म्हणून काय ते खोटं झालं नाही. तुम्ही पडलात तर पोरगं पण पडणार."

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की ते जास्त झालं. मामांनी बकल काढलं, पोतं उचलून जागेवर ठेवलं.

"बरुबर हाय तुजं," ते म्हणाले. "मग तुमी जाऊन या. मी येत न्हाई."

आणि गोठ्यात निघून गेले. मला फार वाईट वाटलं, आणि खरं बोलून वाईट वाटावं याचा रागही आला. तो राग नवऱ्यावर काढला. तो बिचारा भांडी घासायला बसला, इतका घाबरला.

दिवसभर मामा कुणाशी बोलले नाहीत, फक्त नातवाशी. तो त्यांच्या मागं मागं गोठ्यात असतो. संध्याकाळी कालवडीला पाण्यावर न्यायची वेळ झाली की मामा दाव्याचं टोक त्याच्या मुठीत देतात आणि म्हणतात, "चल." मधून दावं मामांनी धरलेलं असतं, पण कालवड आपणच नेतो असं त्याला वाटतं. त्या संध्याकाळीही तो तसाच रुबाबात गेला.

यात्रेच्या दिवशी पहाटे आम्ही निघायची तयारी केली. मुलीनं नारळ आपल्या पाठीवर घेतला. नवऱ्यानं ती नवी बॅग लावली. बैठक मोकळी बघून आत्यांना राहवलं नाही, त्यांनी तिच्यात कलिंगड ठेवलं आणि पट्ट्यांनी व्यवस्थित बांधलं. मामा ओट्यावर बसले होते. येत नाही म्हणाले होते, पण इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते, टोपी होती, पायात बूटही होते.

"चला, छोटं कुठाय?" मी म्हटलं.

छोटं गोठ्यातून येत होतं. दप्तर ज्या खुंटीवर होतं तिथवर त्याचा हात पोचत नाही, पण खाली लोंबणाऱ्या पट्ट्यापर्यंत पोचतो. त्यानं ओढून हत्ती खाली पाडला होता आणि एका खांद्यात अडकवून फरफटत आणला होता. ना माझ्याकडं बघितलं, ना बापाकडं. सरळ ओट्याशी गेला, पट्ट्याचं टोक मामांच्या मुठीत कोंबलं आणि म्हणाला, "आबा, चल."

मामा पट्ट्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. आयुष्यात एकदा तरी योग्य वेळी गप्प बसायचं मला जमलं.

"बकल नीट लाव की त्याचं," ते म्हणाले. "ढिलं हाय."

मी बकल लावलं. त्यांनी टोक मनगटात अडकवलं आणि आम्ही निघालो. पोरगं पुढं, मामा मागं. ते दोन पायऱ्या चढायचं आणि मुंगळा बघायला बसायचं, तेव्हा मामांना दम खाता यायचा. मामा थांबले की ते मागं वळून "चल" म्हणायचं. त्या दोघांचा वेग एवढा जुळला की मी नुसती बघत राहिले. मागून नवरा कलिंगडाला ऊन लागू नये म्हणून छत उघडून येत होता. चढणारी माणसं त्याच्याकडं वाकून बघायची, बाळ कसं आहे म्हणून.

वाटेत एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "काय मेजर, नातू वढून न्ह्यायला लागला व्हय?"

मामा म्हणाले, "व्हय गड्या. यंदापासनं ह्यो म्होरं."

वर गुरव गुलालाचं ताट घेऊन आला. मामांचा खांदा त्याच्या ओळखीचा, हात सवयीनं तिकडं गेला आणि थांबला, कारण पोरगं खाली उभं होतं.

"मेजर, आणलं कुणी ह्याला?"

"ह्याला कुणी आणलं न्हाई. ह्यानं मला आणलं," मामा म्हणाले. "त्याच्या खांद्याला लाव."

गुरवानं वाकून इवल्याशा खांद्याला गुलाल लावला. थोडा हत्तीच्या कानावर सांडला. आत्या पदरानं डोळे पुसत होत्या. मी नवऱ्याच्या शर्टाला पुसले, तो जवळ होता म्हणून.

कलिंगड आम्ही देवळामागच्या सावलीत खाल्लं. बैठक मोकळी झाली आणि तिच्यात पोरगं बसवल्याबरोबर झोपलं, हत्तीसकट. उतरताना नवरा पुढं होता. त्याच्या पाठीवर ते झोपलेलं, आणि पोराच्या दप्तराचा पट्टा मागं मामांच्या मनगटात.

"मामा, सोडा की आता," मी म्हटलं. "तो झोपलाय."

"झोपू दे. मी जागा हाय न्हवं," ते म्हणाले, आणि पुढं चाललेल्या नवऱ्याला ओरडले, "हळू रं! पट्टा ताणतोय."