बोकडाच्या केसांची आंबळी

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात, ब्रह्मदेशात जाण्याआधी, आमची कंपनी सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठी तंबू ठोकून होती. काम एकच, होड्या. ०५३० ला उठायचा बिगुल, म्हणजे रिव्हॅली, ०६३० ला फॉल-इन, मग दुपारपर्यंत या तीरावरून त्या तीरावर. जेवणानंतर रायफली साफ करायच्या. साडेचारला मेजरसाहेब गळ घेऊन डोहावर जायचे.

मी शिपाई गणपत, सांगलीजवळच्या नदीकाठच्या गावचा. माझ्याच तंबूत बिरू होता, माणमधला धनगर. त्याच्या वाडीत प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथं मासे कुठले? पहिल्या दिवशी होडीत बसला तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी कड आवळून धरली होती, आणि मी पोट धरून हसलो होतो.

साहेबांना खरं आमिष चालत नसे. काट्यावर केस बांधून ते खोटा मासा करायचे आणि पाण्यातून ओढायचे. मोठा खडस मासा त्याला आंबळी समजून गिळायचा. आंबळी म्हणजे आमच्याकडची बोटाएवढी चंदेरी मासळी. या खोट्या माशाला साहेब स्ट्रीमर म्हणत. विलायतेहून आणलेले संपत आले, तेव्हा होडीच्या दोरांना चांगल्या गाठी मारणारे म्हणून त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि शिकवलं. काट्याच्या दांड्याला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, त्यावर केसांचा झुबका, तोंडाशी मेण लावलेल्या काळ्या रेशमाचे वेढे. शेवटी दोऱ्याचं टोक त्याच वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. ती गाठ सुटली की सगळा मासा सुटला.

"ज्याचा मासा चालेल, तो माझा ऑर्डर्ली," साहेब म्हणाले.

मला ते काम हवं होतं. जिवाच्या भीतीनं नाही, मानासाठी. साहेबांच्या मागे चालायचं आणि तसं घरी पत्रानं कळवायचं, एवढंच डोक्यात होतं.

मी माझ्या माशाला डोळे काढले, कल्ले रंगवले, पर लावले. तळहातावर ठेवला तर हुबेहूब आंबळी. बिरूनं खाटकाकडून बोकडाच्या दाढीचे केस आणले आणि त्यातले मोजके बांधले.

"एवढंच?" मी विचारलं.

"लय घातलं तर भिजल्यावर गोळा हुतो गड्या. मेंढरं कातरायच्या आदी आमी धुतो न्हवं? भिजल्याला केस कसा वागतो, ते ठावं हाय मला."

रविवारी साहेबांनी दोन्ही टाकून पाहिले. माझा मासा पाण्यात काटकीसारखा पडला. वीस वेळा फेकला, काही लागलं नाही. बिरूचा पाण्यात पडला आणि चक्क श्वास घ्यायला लागला. पाचव्या फेकीला हातभर खडस लागला. साहेबांनी तो स्ट्रीमर हॅटच्या पट्टीत खोचला आणि म्हणाले, "एका माशानं ठरत नाही. उद्या नवा बांधा."

उभ्या जन्मात मासा न पाहिलेल्या माणसानं मला माझ्याच कृष्णेत हरवलं होतं. माझ्या अंगाची नुसती आग झाली. त्याचं हसणं, त्याचं बूट घालणं, काही म्हणून बघवेना.

दुसऱ्या दिवशी बिरूला दुपारी लंगरात भांडी घासायची फटीग होती. त्याचा नवा मासा मेसटिनमध्ये, जेवणाच्या डब्यात, ठेवलेला होता. मी दाढीचं ब्लेड घेतलं आणि तोंडाजवळचे दोन वेढे कापले. वरून बोट फिरवून मेण सारखं केलं.

साडेचारला डोहावर तिसऱ्या फेकीला त्याचे केस वाहून गेले. साहेबांच्या हातात नुसता काटा आला, त्याला दोऱ्याचं टोक लोंबत होतं. माझ्या नव्या माशाला काही लागलं नाही, पण त्याची गाठ टिकली.

"गाठ कच्ची," साहेब म्हणाले. "गणपत, तू ऑर्डर्ली."

बिरूनं ते टोक दोन बोटांत धरून पाहिलं. "जी साब," एवढंच म्हणाला. परतताना वाटेत मात्र मला म्हणाला, "तुटल्याल्या दोऱ्याला कूस सुटती, टोक इस्कटतं, गणपा. ह्यो कापल्याला हाय."

"मग सायबाला का न्हाई सांगितलंस?"

"तुला लय पायजे हुतं. घे की."

त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्याच्या त्या मोठेपणाचाही हेवा वाटला.

ब्रह्मदेशातली नदी कृष्णेच्या तिप्पट रुंद होती. ०५१० ला पहिली होडी सुटली. बिरू तिच्यात पुढच्या बाजूला होता. ऑर्डर्ली म्हणून मी या तीरावर, साहेबांजवळ, वायरलेसच्या खड्ड्यात. ०५२२ ला पलीकडून मशीनगन सुरू झाली.

"हॅलो एबल वन, रिपोर्ट. ओव्हर," साहेबांनी वायरलेसवर पहिल्या होडीला विचारलं.

"एबल वन. होडीला गोळ्या लागल्या. एक माणूस गेला. ओव्हर."

"नाव सांग. ओव्हर."

नाव आलं. साहेबांनी हॅटच्या पट्टीतला बिरूचा स्ट्रीमर काढून माझ्या हातात दिला. "तुझा दोस्त होता."

"जी साब," मी म्हणालो.

लढाई संपल्यावर सुटी मिळताच मी माणला गेलो. बिरूचे वडील माळावर मेंढरांमागे होते. मी तो स्ट्रीमर त्यांच्या हातावर ठेवला.

"ह्ये काय रं?"

"मासा हाय, आबा. बिरूनं केल्याला."

"आन् त्यानं मासा कवा बघितला?"

मग मी सगळं सांगितलं. ब्लेडसुद्धा सांगितलं. त्याची जागा मी घेतली, हेही सांगितलं. म्हातारा बराच वेळ दोऱ्याच्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिला. मग स्ट्रीमर मुंडाशात खोवून उठला. त्यानं कळपातला बोकड धरला, दाढीचे केस कातरले आणि माझ्या मुठीत कोंबले.

"बांद," म्हणाला. "त्याच्यावानी जमतोय का बग."

त्याला आता बरीच वर्षं झाली. दर हिवाळ्यात मी बांधतो आणि सांगलीच्या घाटावर पाण्यात सोडून बघतो. केस तोच, दोरा तोच, गाठ पक्की. अजून एकही त्याच्यासारखा पोहलेला नाही, आणि मला अजून त्याचा हेवा वाटतो. त्याचं नाव शिपाई बिरू. त्या होडीत ती जागा माझी होती.