लाल उजवीकडे

ओडेसातल्या आमच्या दगडांच्या गोदामाची सांभाळकर्ती वर्ला टिंडल. टेक्सासच्या उन्हात एकसष्ट वर्षं भाजून निघालेली. तेलविहिरीच्या पोटातून काढलेला दंडाएवढा जाड दगडी दांडका, म्हणजे कोअर, पेटीत भरला की त्यावर लांबीभर दोन रेघा ओढायच्या. वरचं टोक वर धरून पाहिलं की लाल उजवीकडे, काळी डावीकडे. त्यावरून दगडाचं डोकं कुठलं नि पाय कुठले, ते कळतं. बाईंना या रेघांचं इतकं वेड, की घरच्या कलिंगडावरही ओढत असतील, असा मला संशय होता.

त्या मंगळवारी नवे इंजिनियर क्रॅनफर्ड पेल्टन कागद घेऊन आले. "वर्लाबाई, इथे सही करा. उद्या दाबाचं पाणी सोडून दगड फोडायचाय. वर चांगला कडक चुनखडक आहे, भेग तिथे अडेल."

बाईंनी पेटीवर भिंग धरलं. "कडक खडक खाली आहे, बाळा. कोअर उलटा भरलाय."

"रेघा बघा ना! लाल उजवीकडेच आहे."

"रेघा तिकडे खोदकामाच्या रिगवरच्या लोकांनी मारल्यात. टोक चुकलं की रेघाही चुकतात."

"म्हणजे वर मऊ दगड? मग भेग थेट वरच्या खाऱ्या पाण्याच्या थरात जाईल, विहिरीत तेलाऐवजी पाणीच येईल!"

"तेच सांगतेय मघापासून."

साहेबांचे कान लाल झाले, तेही दोन्हीकडे. "सही करा, नाहीतर शुक्रवारपासून नोकरी सोडून घरी बसा."

बाईंनी शांतपणे आपला थंड चहाचा पेला पुढे केला. तळाशी बोटभर न विरघळलेली साखर. "साखर कुठे बसलीय?"

"खाली."

"मग हा शिंपला बघ."

दगडात एक जुना शिंपला कापला गेला होता. अर्ध्यात गाळ, अर्ध्यात पांढरे चमकदार स्फटिक. समुद्राच्या तळाशी शिंपल्यात शिरलेला गाळ खालीच बसणार, उरलेल्या पोकळीत स्फटिक मागाहून धरणार. पेटीत मात्र गाळ वर होता. बाईंनी आणखी तीन शिंपले दाखवले. चारही डोक्यावर उभे.

"रिगवाल्यांनी चूक केली असेल," बाई म्हणाल्या, "पण चार शिंपल्यांनी मिळून कट केलाय म्हणतोस? हाकल मला. सही मिळणार नाही."

आणि सहीच्या जागी त्यांनी ठसठशीत लिहिलं: उलटा.

मी माझ्या दगडांच्या नोंदींच्या टेबलाकडे बघत राहिलो. हसलो असतो तर माझाही शुक्रवार आला असता.

साहेबांनी वाकून चारही शिंपले भिंगातून पाहिले. मग फोनवर म्हणाले, "उद्याचं काम थांबवा." कागदाची घडी घालून खिशात ठेवली. शुक्रवारचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाईंनी लगेच पेटी फिरवली, जुन्या रेघा पुसल्या आणि साहेबांच्या हाती लाल खडू दिला. "ओढ. तुझ्याच विहिरीचा दगड आहे."

त्यांनी इमानेइतबारे सरळ रेघ ओढली.

"डावीकडे ओढलीस," बाई म्हणाल्या.