कोला की काला

कोल्ड्रिंकबद्दल मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या हडपसरात कुणाला कळत नाय. त्यातलं माझं स्वतःचं काहीच नाय. मी मांजरी गावाच्या रस्त्याला उसाचा रस विकतो, आणि शाळेनं मला लवकरच सोडलं. सगळं ज्ञान बायकोच्या मामांचं. तसा माणूस जगात दुसरा नसेल. बुधवार पेठेत जन्मभर औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभे राहिले, आणि जगातला तो प्रसिद्ध काळा कोला म्हणजे आपल्याच भावकीतला असल्यासारखं बोलत आले.

पहिल्याच भेटीत माझी अब्रू गेली. लग्न ठरल्यावर मामांनी जेवायला बोलावलं, तो नेमका गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस. मामा आतून म्हणाले, "जावईबापू, कोला घेणार ना?" मला ऐकू आलं काला. मी उठलो, डाव्या हातावर उजवा हात ठेवून पुढं केला. मामांनी हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता बाटलीतला कोला तळहातावर ओतला. मीपण भक्तीनं प्यायलो आणि हात डोक्यावरनं फिरवला. केस संध्याकाळपर्यंत चिकट.

डोकं दुखतंय म्हणून कुणी दुकानात आलं, की मामा आधी सांगायचे, हा कोला अमेरिकेतल्या एका औषधवाल्यानंच काढला, टॉनिक म्हणून, आणि पहिल्यांदा विकला तोही औषधाच्या दुकानातच. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, गोळी द्या." मामा म्हणायचे, "गोळी कुठं पळून चालली नाही. ऐका." ऐकून झाल्यावर एकाच्या जागी दोन गोळ्या लागायच्या.

रिटायर झाल्यावर दर रविवारी बसनं माझ्या रसवंतीवर यायचे. रस पिणाऱ्यांना सांगायचे, कोल्याची कृती तिजोरीत कुलूपबंद आहे. मग माझ्याकडं बोट, "यांची उघड्यावर आहे. माश्यांनासुद्धा पाठ झाली." मध्ये एकदा कोला आपला देश सोडून गेला होता आणि कित्येक वर्षांनी परतला, ते तर रुसून माहेरी गेलेल्या सुनेसारखं रंगवायचे.

पण सगळ्यात लाडकी बाटली. कोल्याच्या मालकांनी म्हणे सांगितलं होतं, अंधारात हात लागला तरी ओळखू आली पाहिजे. करणाऱ्यांनी कोल्यातल्या कोकाच्या पानाऐवजी चॉकलेटवाल्या कोकोच्या शेंगेचं चित्र बघितलं आणि तिला तो आकार आला. "तिथंही एक तुमच्यासारखा जावई असणार," मामा म्हणायचे.

मग मामांना मोतीबिंदू झाला. एका डोळ्यानं दिसायचं थांबलं, दुसराही चालला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, थांबाल तेवढं अवघड होईल. मामा घाबरले होते, पण पेठेतला माणूस भीतीला तत्त्व म्हणतो. "अंधारात ओळखता येईल अशी बाटली माणसानं केली. मला डोळे कशाला?" बायको रोज रडायला लागली.

मी म्हणलं, "मामा, पैज. एक बाटली हातात देतो. काय हाय ते नुसत्या हातानं ओळखलं, तर ऑपरेशनचं नाव काढणार नाय."

मामांनी बाटली हातात घेतली, कमरेवरनं अंगठा फिरवला आणि हसले. "कोला!"

"पिऊन बघा."

प्यायले. बाटली कोल्याची, आत मांजरीचा ऊस.

"ही लबाडी आहे," मामा म्हणाले. आणखी एक घोट घेतला. "आलं जास्त झालंय... कधी जायचं?"

दवाखान्यात त्या दिवशी इतिहास नव्हता, कोला नव्हता. आत नेईपर्यंत मामांनी माझा हात सोडला नाय. त्यांचा हात बर्फातनं काढलेल्या बाटलीसारखा गार. एवढा शिकलेला माणूस माझ्यासारख्याचा हात धरून बसला होता. शेवटी मीच विचारलं, "मामा, ती तिजोरी कुठं हाय म्हणालात?" ते नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मी मुद्दाम सगळ्यांच्या पुढं उभा, नवा शर्ट घालून. म्हणलं, आता डोळ्यांत पाणी येईल, पाठीवर हात पडेल. मामांनी मला खालपासनं वरपर्यंत निवांत बघितलं.

"जावईबापू," म्हणाले, "तुम्ही अंधारातच बरे दिसत होतात."