अक्काच्या आवाजात

मिमिक्री करणारा पोरगा लिहितोय म्हणजे पोट धरून हसायला मिळणार, असं वाटलं की नाही? मला पण वाटलं असतं. के. आर. नगरच्या शाळेत मी हेडमास्तरांची नक्कल केली, ते मागंच उभे होते, ते पण हसले. ही नक्कल तसली नव्हे.

माझ्या अक्काला दुसऱ्या बाळंतपणाला दवाखान्यात नेलं. अचानक ऑपरेशन झालं, रक्त फार गेलं, बाळ ठीक पण तिला आयसीयूत ठेवलं. तिची तीन वर्षांची पोर हिनकलला आमच्याकडं. लहान मुलांना आत सोडत नव्हते. पोरीनं आधी जेवण सोडलं, मग दूध, मग पाणी पण. ओठ सुकून पांढरे पडले. डॉक्टर म्हणाले, आता काही पोटात गेलं नाही तर सलाईन लावायला आणा.

माझी आई चमचा धरून तिच्या मागं-मागं. मी माकड झालो, बसचा कंडक्टर झालो, कुकरची शिट्टी झालो. ती बघतच नव्हती. आई म्हणाली, "काहीतरी कर रे, मला आता सुचत नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारामागं गेलो. अक्काच्या आवाजात म्हटलं, "चिन्ना, दूध पी की ग. आई बघत्ये."

पोरीनं तोंड उघडलं. घटाघटा सगळा पेला संपवला. आई तिथंच भिंतीला टेकून बसली.

मग पोर उठली आणि दार ढकललं. मला बघितलं. माझ्यामागं बघितलं, सिलिंडरच्या मागं, ओट्याखाली. परत माझ्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. रडली असती तर उचलून तरी घेतली असती.

दुसऱ्या दिवशी अक्का वॉर्डात आली आणि तिनं फोन केला. आवाज खोल गेलेला. मी पोरीला मांडीवर घेऊन स्पीकर लावला.

"चिन्ना, मी आई ग."

पोर वळली आणि तिनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला. आवाज थांबेना. तिनं दुसरा हात पण दाबला.

"मामा, नको," म्हणाली. फोन ढकलून दिला आणि आत निघून गेली.

"काय झालं रे? बोलत का नाही ती?" अक्का विचारत होती. मी सगळं सांगितलं.

"आपल्या अप्पांची नक्कल केलीस, सगळे हसले," ती म्हणाली. "माझ्या सासूची केलीस, तेव्हा पण हसले. माझी कशाला रे? लावू द्यायचं होतं की सलाईन. हात दुखला असता, बरा झाला असता. आता मी घरी येऊन हाक मारली तर ती तुझं तोंड दाबायला धावेल. काय सांगू मी तिला, कुठली आई खरी? नको, तू सुम्नेच, गप बस, एक शब्द बोलू नकोस. फोन आईला दे."