फियोर्डातली पहिली घागर

दिवाळीनंतरच्या मंगळवारी बाबा गेले. त्यांनी चहा घेतला, पेपर मागितला. मी पेपर घेऊन आले तेव्हा ते नव्हते.

घरात आई आणि मी उरलो. मी जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकांत दिवस निघतील असं वाटलं होतं, पण एक पान वाचायचं, उठायचं, पाणी प्यायचं, परत येऊन तेच पान काढायचं, असं चाललं होतं. आई स्वयंपाकघरातून अंगणात जायची, अंगणातून परत यायची, आणि कशासाठी गेली होती ते तिला आठवायचं नाही. शेवटी धुळ्याहून बाबांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, आले. त्यांच्या ओळखीची काही मंडळी नॉर्वेच्या सहलीला निघाली होती. नानांनी आमची दोघींची नावं परस्पर देऊन टाकली.

"वहिनी, घरमा बसीसन काय व्हई? जाई या."

"मधी आखाजी येते, नाना."

"दादानी घागर मी भरसू धुळाले. बठ्ठं करसू."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांसाठी पाण्याची घागर भरतात. ऐन उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागत असेल. घागरीवर खरबूज, रव्याच्या गोड सांजोऱ्या, आंबा ठेवायचा. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं आणि दर बोटाला एका पितराचं नाव घ्यायचं. हे बाबा करत. दोन बोटं असायची, पणजोबांचं आणि आजोबांचं. त्या वर्षी तिसरं येणार होतं. नाना भरणार म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. दिवाळीपासून मी बाबांचं नाव पुष्कळ अर्जांवर लिहिलं होतं, तोंडाने एकदाही घेतलं नव्हतं.

नॉर्वेत बस बोगद्यातून बाहेर पडायची की समोर तळं, तळ्यात उलटा डोंगर, डोंगरावर बर्फ. सगळे मोबाईल काढायचे. मी खिडकीजवळची जागा दुसऱ्याला द्यायची, मग परत मागायची. कुठेही थांबलो तरी पुढचं ठिकाण कधी येतं असं व्हायचं, आणि ते आलं की मागचं नीट बघितलं नाही म्हणून हळहळ. आई कड्यांवरून पडणारे धबधबे बघायची. आमच्याकडे नळ कधी येईल याचा नेम नसतो. "इतकं पाणी," ती म्हणाली, "आणि भांडं लावाले कोणी नाही."

आखाजीच्या सकाळी आम्ही बोटीच्या धक्क्यावर उभे होतो. आईने पिशवीतून स्वेटर काढला, आणि स्वेटरातून तांब्याचा गडू. मग कुंकवाची डबी. मग सांजोऱ्यांचा डबा, जो प्रवासात खायला आहे असं ती मला सांगत आली होती आणि उघडू देत नव्हती.

"आई, नाना भरताहेत ना तिकडे?"

"भरू दे. त्यांचा भाऊ होता, त्यांनी भरावी. आपल्या घरची आपण भरू."

ती पायऱ्या उतरली, वाकून गडू भरला, एक बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.

"खारं आहे व हे!"

"खारंच असणार. समुद्र आत शिरलाय डोंगरांमधून. त्यालाच फियोर्ड म्हणतात."

"मग काल तळं काहून म्हणत होतीस?"

"काल तळंच होतं."

"मले तर सारखंच दिसलं. कालच सांगती तर भरून घेतलं असतं."

मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ती परत पिशवीत टाकली. "तुझ्या बापाले दुकानातलं पाणी पाजसीन?"

बोट निघाली. दोन्हीकडे काळे कडे, मधे हिरवं पाणी, सगळं खारं. आई दर थोड्या वेळाने विचारत होती, "धुळ्याले किती वाजले?" तिकडे दुपार झाली होती. मी डेकवर जायची, आत यायची, पुन्हा जायची. दरवाज्याला लोखंडाचा उंच उंबरठा होता, तो ओलांडताना दर वेळी पायाला लागायचा.

मग बोट एका कड्याला अगदी नाक लावून थांबली. वरून धबधबा पडत होता. पिवळ्या रेनकोटातल्या खलाशाने त्याखाली बादली धरली. सहल नेणारा ओरडला, "चाखून बघा मंडळी, बर्फाचं पाणी!" सगळे कागदी पेले घेऊन धावले. आई गडू घेऊन गेली. खलाशाने तो काठोकाठ भरला. तिने बोट बुडवून चव घेतली.

"गोड आहे."

तिने गडू त्या लोखंडी उंबरठ्याशी ठेवला, वर सांजोरी ठेवली, डबी उघडून माझ्यापुढे धरली. तिने स्वतः बाबांचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. त्यांना ती "अहो" म्हणायची, आमच्याशी बोलताना "हे". म्हणजे घ्यायचं ते मीच.

मी पणजोबांचं बोट ओढलं, नाव घेतलं. आजोबांचं ओढलं. तिसरं ओढलं आणि बोट तिथेच टेकवून ठेवलं. मागे आमच्या सहलीतल्याच एक बाई आत यायला थांबल्या होत्या. "थांबा हो," त्या मागच्यांना म्हणाल्या, "इथे आखाजी चाललीय."

मी नाव घेतलं.

"ऐकू नाही आलं," आई म्हणाली. "इंजिनाचा आवाज आहे. जोरात."

मी पुन्हा घेतलं, पूर्ण, आडनावासकट. खलाशाने वळून पाहिलं. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गडूतलं थोडं पाणी बाजूला सोडलं.

संध्याकाळी नानांचा फोन आला. "घागर भरी, वहिनी."

"आम्ही पण भरली."

"तठे?" नानांनी विचारलं. मग म्हणाले, "बरं व्हयनं. दादा दोन्हीकडे जेवना."

बोटीवरचं कुंकू आम्ही उतरण्याआधीच कोणीतरी पुसलं होतं. डोंगरांचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, मी ते अजून नीट पाहिलेले नाहीत. यंदाची आखाजी घरीच झाली. घरात आई आहे आणि मी आहे. उंबरठ्यावर बोटं मी ओढते. ती तीन असतात.