खिडकीवरचे कागद

आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोर शेजारच्या इमारतीतली केतकीची खिडकी आहे. कॉलेजात शिकणाऱ्या या मुलीला उन्हाळ्यापासून नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. समोरचे लोक पाळत ठेवतात, असं म्हणून तिने खिडकीच्या सहाही काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली. समोरचे लोक म्हणजे आम्हीच.

तिच्या आईने काही लपवलं नाही. अंगारेधुपारे न करता पंधरवड्यात डॉक्टर गाठला. औषधं सुरू झाली आणि दवाखान्यातल्या मानसीताई दर बुधवारी घरी येऊन तिच्याशी बोलत बसू लागल्या.

“आधी ते कागद काढायला लावा हो,” मी एकदा त्यांना जिन्यात म्हटलं.

“कागद तिचे आहेत, काका. तीच काढेल. आपण लवकर पोचलोय, आता घाई कशाला?”

आपण नेमकं उलटं करतो. दुखणं अंगावर काढतो आणि मग चार दिवसांत गुण यावा म्हणतो. लवकर पोचून सावकाश थांबणारी माणसं मी प्रथमच पाहत होतो.

दसऱ्याला एक काच मोकळी दिसली, दिवाळीनंतर आणखी दोन. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी खिडकीकडे पाठ करूनच बसतो. आज सकाळी तसाच भाजी निवडत होतो, तेवढ्यात समोरून हाक आली.

“काका, दूध उतू चाललंय!”

मी धावत गॅस बंद केला. समोर उघड्या खिडकीत केतकी उभी होती.

“लक्ष कुठे असतं तुमचं?” ती म्हणाली.