उतारावर पाठमोरी

लातूरला भावाच्या घरापुढं सिमेंटचा एक उतार आहे. "अक्कासाठी बांधला," असं तो येईल त्याला सांगतो. बांधण्याआधी अक्काला, म्हणजे मला, एक फोन केला असता तर केवढा लांब हवा तेही कळलं असतं. तीन पायऱ्यांवर त्यानं सरळ घसरगुंडी ओतली, आणि खाली नालीवर लोखंडी जाळी.

अपघातात माझं कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून माझी व्हीलचेअर नवरा ढकलतो. तो ते रीतसर शिकलाय. आम्ही नांदेडला राहतो. सुट्टीच्या सकाळी विष्णुपुरीकडच्या उतारावर जाऊन सराव करायचो. पट्टा लावायचा. हलवण्याआधी मला सांगायचं. थांबलं की ब्रेक. आणि तीव्र उतार आला की खुर्ची फिरवायची: त्यानं मागं बघत एकेक पाऊल खाली यायचं, माझं तोंड चढाकडं. मग माझा भार पाठीवर राहतो, मी पुढं कोसळत नाही. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं आहे हे.

भावाच्या मुलीचं लग्न होतं. कॉलेजची वर्षं ती आमच्याकडं राहिलेली, माझ्या हातचं खाऊन शिकलेली. तिच्या डोक्यावर माझ्या हातच्या अक्षता पडाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. हॉलवर निघायच्या वेळी नवऱ्यानं उतारावर खुर्ची फिरवली आणि दारातून आमची म्हातारी आत्या ओरडली, "अगं बया! लग्नाला निघालेली लेक पाठमोरी काढत्यात व्हय? उलट्या पायानं घरातनं निघू न्हाई!"

"काय करून राहिले दाजी? सरका, मी हाय की," म्हणत भावानं हँडल धरलं. आणि नवरा सरकला. मी "थांबा, थांबा" म्हणत होते. लग्नघरात व्हीलचेअरमधल्या बाईचं कोण ऐकतं? भावानं मला सरळ तोंडानं खाली सोडलं. पुढची बारकी चाकं जाळीत रुतली, खुर्ची जागीच थांबली, मी थांबले नाही. पट्टा मीच नको म्हणाले होते, नव्या साडीच्या निऱ्या चुरगळतात म्हणून. तो राग माझा माझ्यावर.

उचलून बसवलं तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा दिसत होता. त्या पायात मला काहीच जाणवत नव्हतं. आत्या म्हणाली, "पायात जान न्हाई तेच बरं झालं बाई, न्हाईतर किती दुखलं असतं." हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिकडं मंगलाष्टकं झाली, इकडं माझ्या पायाचा एक्स-रे काढत होते. मुठीतल्या अक्षता घामानं भिजून हाताला चिकटल्या होत्या.

नवऱ्याशी मी नांदेडला येईपर्यंत बोलले नाही. मग विचारलं, "तुम्ही हँडल सोडलंच कसं?"

"लग्नाचं घर. मी जावई. सासुरवाडीत कसं भांडणार?"

"खुर्चीमागं उभं असताना तुम्ही कुणाचे जावई नाही," मी म्हणाले.

प्लास्टर निघालं. भाची पहिल्यांदा माहेरी आली म्हणून पुन्हा लातूरला गेलो. निघताना तीच माणसं, तोच उतार. भाचीनं खाली बसून माझा पट्टा आवळला. नवऱ्यानं खुर्ची फिरवली. भावानं सवयीनं हँडलला हात घातला, "सरका दाजी."

"हात काढा," नवरा म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सगळ्या ओसरीला ऐकू गेलं. भावाचा हात हँडलवरून निघाला.

आत्या पुटपुटली, "पुन्ना पाठमोरीच?"

"हाव, पाठमोरीच," मी म्हणाले. "सरळ तोंडानं निघाले त्या दिवशी हिच्या अक्षता चुकल्या माझ्या. आता कोणता अपशकुन राहिलाय, आत्या?"

"निघू?" नवऱ्यानं विचारलं. मी हो म्हणाले, मगच चाक हललं. माझं तोंड घराकडं होतं, त्यामुळं मला सगळे दिसत होते: भाऊ, आत्या, दारातली भाची. मोठी चाकं जाळीवरून आरामात गेली. नजर कुणी वर केली नाही, एक भाची सोडून.